रात्री वाजणारा कीबोर्ड

माझं लिहिण्याचं काम रात्री साडेअकरानंतर सुरू होतं. त्याच खोलीत आई झोपलेली असते आणि तिची झोप फार सावध. पंख्याची घरघर तिला जागं करत नाही, रस्त्यावरून जाणाऱ्या गाड्यांनी ती हलतही नाही. मी एंटर दाबला की मात्र ती कूस बदलते. पंख्यापेक्षा माझा कीबोर्ड मोठ्याने वाजतो असं नव्हे. तरी तोच का टोचतो, हे शोधायला बसले आणि त्यातून कीबोर्ड आणि माऊस निवडायची माझी पद्धतच बदलली.

पंख्याचा आवाज रात्रभर एकसारखा असतो. असा आवाज मेंदू थोड्या वेळात बाजूला सारतो. टाइप करण्याचा आवाज तुटक आणि बेभरवशाचा असतो: तीन खट्, मग शांतता, मग एक मोठा खट्. प्रत्येक खट् नवी बातमी असल्यासारखा मेंदू दचकून लक्ष देतो. दुसरं कारण कानाच्या बांधणीत आहे. बाहेरच्या कानापासून पडद्यापर्यंतची नळी साधारण अडीच सेंटिमीटर लांब असते आणि एका टोकाला बंद. एवढ्या लांबीच्या नळीत 3000 हर्ट्झच्या आसपासचे आवाज घुमतात, म्हणून 2000 ते 5000 हर्ट्झच्या पट्ट्यात आपला कान सर्वांत तिखट असतो. कडक प्लास्टिक कडक प्लास्टिकवर आपटलं की जो आवाज निघतो, त्याचा बराच भाग नेमका या टापूत पडतो.

म्हणूनच खोक्यावर छापलेला डेसिबलचा आकडा मला पुरेसा वाटत नाही. डेसिबलची मोजपट्टी सरळ नसते. 10 डेसिबल वाढले तर आवाजाची ऊर्जा दहापट होते, पण कानाला तो साधारण दुप्पटच वाटतो. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट केलं की सुमारे 6 डेसिबल कमी होतात. मोजताना माइक किती लांब होता हे सांगितलेलं नसेल तर त्या आकड्याला काही अर्थ उरत नाही. आणि तो आवाज जाड होता की टोकदार, हे तर आकडा सांगतच नाही.

एकदा मी फोनवर एकाच कळेचा आवाज रेकॉर्ड केला आणि त्याची लहर पडद्यावर मोठी करून पाहिली. मला एक उंचवटा दिसेल असं वाटलं होतं. दिसले दोन, एकमेकांपासून सेकंदाच्या साधारण दहाव्या भागाच्या अंतरावर. पहिला कळ तळाला आपटल्याचा. दुसरा बोट उचलल्यावर कळ परत वर येऊन चौकटीला धडकल्याचा. या दुसऱ्या आवाजाकडे आपलं लक्षच नसतं. कीबोर्ड निवडताना सगळे कळ दाबून बघतात, सोडतानाचा आवाज कुणी ऐकत नाही.

दोन्ही आवाजांचं मूळ एकच आहे: हलणारी वस्तू अचानक थांबणं. लोखंडी गोळी फरशीवर टाका आणि तेवढ्याच उंचीवरून गादीवर टाका. दोन्हीकडे गोळीचा वेग तोच असतो, पण फरशी तिला क्षणार्धात थांबवते, गादी जरा वेळ घेऊन. थांबायला जितका कमी वेळ, तितका धक्का मोठा आणि आवाजात टोकदार, उंच सूर जास्त. शांत कीबोर्ड बनवणारा कारागीर सगळी धडपड याच एका गोष्टीसाठी करतो. कळ थांबायला त्याला काही हजारांश सेकंद जास्त मिळवून द्यायचे असतात. आणि तो धक्का फक्त हवेत जात नाही. तोच बोटाच्या टोकातून सांध्यातही परत येतो. दिवसभर टाइप करणाऱ्याने आवाजाकडे लक्ष द्यावं असं मला वाटतं ते आईच्या झोपेइतकंच या बोटांसाठी.

बंद पडलेला एक जुना, साधा कीबोर्ड मी उघडून पाहिला. पाठीमागचे स्क्रू काढले की आत तीन पातळ प्लास्टिकचे पडदे निघतात. वरच्या आणि खालच्या पडद्यावर चंदेरी रेघांचं जाळं, मधल्याला प्रत्येक कळेखाली एक भोक. त्यावर रबराचे छोटे घुमट. कळ दाबली की घुमट बसतो, वरचा पडदा भोकातून खालच्याला टेकतो आणि विद्युतमंडल पूर्ण होतं. याला मेम्ब्रेन कीबोर्ड म्हणतात. रबर स्वतःच गादीचं काम करतं, त्यामुळे हा बिनभपक्याचा प्रकार बऱ्यापैकी शांत असतो. खोट एवढीच की पडदे टेकतात ते अगदी शेवटी, म्हणून प्रत्येक अक्षरासाठी बोट तळापर्यंत न्यावंच लागतं.

लॅपटॉपच्या कळांखाली कात्रीसारखी प्लास्टिकची फुली असते. ती कळेला तिरकी होऊ देत नाही. अशी कळ एक-दोन मिलिमीटरच खाली जाते. कळ हलकी, अंतर थोडं, त्यामुळे वेग वाढायला वावच मिळत नाही आणि आपटणंही बेताचं होतं. वेगळा विकत घ्यायच्या कीबोर्डमध्येही ही रचना मिळते. आवाज कमी हवा आणि फार विचार करायचा नाही, तर मी हीच सुचवेन.

मेकॅनिकल कीबोर्डची गोष्ट जरा गुंतागुंतीची आहे. तिथे प्रत्येक कळेखाली स्वतंत्र स्विच आणि त्यात स्प्रिंग. चेरी कंपनीच्या नेहमीच्या एमएक्स स्विचमध्ये कळ 4 मिलिमीटर खाली जाते, पण अक्षर उमटतं साधारण 2 मिलिमीटरवरच. म्हणजे हलक्या हाताने टाइप करणारा माणूस तळाला न टेकता लिहू शकतो. या स्विचचे प्रकार रंगांवरून ओळखतात. निळ्या स्विचमध्ये दांड्याभोवती एक सुटा तुकडा असतो. तो ठरावीक जागी सटकतो आणि मुद्दाम टक् वाजतो. यात वेडेपणा काही नाही. आयबीएमच्या 1985 सालच्या मॉडेल एम कीबोर्डमध्येही प्रत्येक कळेखालची स्प्रिंग मधोमध वाकून खाडकन वाजायची. अक्षर उमटलं याची खात्री बोटाला आणि कानाला एकदमच मिळायची, आणि टाइपरायटरवरून आलेल्या हातांना तिचं मोल होतं. पण दुसऱ्याच्या झोपेशेजारी ते चालत नाही.

इथे बरेच जण फसतात. लाल स्विचमध्ये टक् करणारा तुकडा नसतो, म्हणून तो शांत समजून घेतला जातो. टक् नसला तरी तळाला आपटणं आहे आणि वर धडकणंही आहे. खरोखर शांत हवा असेल तर ‘सायलेंट’ म्हणून वेगळा बनवलेला स्विच घ्यावा. त्याच्या दांड्यालाच मऊ गाद्या बसवलेल्या असतात, खाली जातानासाठीही आणि वर येतानासाठीही. या गाद्या थोडी जागा खातात, म्हणून चेरीच्या सायलेंट रेडमध्ये कळ 4 ऐवजी 3.7 मिलिमीटरच जाते. दाबायला 45 सेंटिन्यूटन, म्हणजे जेमतेम 46 ग्रॅम वजनाएवढा जोर पुरतो. शेवटी बोटाला किंचित चिखलात रुतल्यासारखं वाटतं. काहींना ते अजिबात आवडत नाही. मला आठवड्याभरात त्याची सवय झाली. रंगांची ही भाषा चेरीची, पुढे इतर बऱ्याच कंपन्यांनी उचलली. त्यामुळे रंग विचारून थांबू नका, ‘सायलेंट’ हा शब्द आहे का ते बघा.

आता स्पेसबार. सगळ्यांत जास्त वेळा दाबली जाणारी आणि सगळ्यांत जास्त खडखडणारी कळ हीच. ती लांब असल्यामुळे एका टोकाला दाबली तर तिरकी होईल. तसं होऊ नये म्हणून तिच्याखाली एक वाकवलेली तार असते, जी एका बाजूचा दाब दुसऱ्या बाजूला पोचवते. या तारेची टोकं प्लास्टिकच्या खाचेत सैल बसतात आणि प्रत्येक दाबाला त्यात थरथरतात. एंटर, शिफ्ट, बॅकस्पेस यांचंही बहुतेक तसंच. माझ्या कीबोर्डचा स्पेसबार मी हलकेच उपसून काढला आणि तारेच्या दोन्ही टोकांना काडीने प्लास्टिकला चालणाऱ्या सिलिकॉन ग्रीसचा एक-एक ठिपका लावला. खडखड गेली, उरला फक्त एक जाड ठप्प. कीबोर्ड घेताना चाचणीची खरी जागा हीच आहे. स्पेसबार मधोमध नाही, टोकाला दाबायचा. मग दुसऱ्या टोकाला. मग एंटर. आणि दर वेळी बोट सावकाश उचलत परतीचा आवाज ऐकायचा.

एवढं करूनही माझी आई जागी व्हायचीच. कारण कीबोर्डमध्ये नव्हतंच, टेबलात होतं. तंबोऱ्याची तार भोपळ्याशिवाय छेडली तर शेजारच्याला धड ऐकू येणार नाही. भोपळा तिचा कंप हवेपर्यंत पोचवतो. पोकळ, पातळ फळीचं टेबल कीबोर्डसाठी तेच करतं. शिवाय माझ्या टेबलाची कड तिच्या पलंगाला टेकलेली होती, म्हणजे प्रत्येक ठोका लाकडातून थेट तिच्या उशीपर्यंत. टेबल चार बोटं सरकवलं आणि कीबोर्डखाली जाड नमद्याची चटई घातली. इतक्या खटाटोपात सर्वांत मोठा फरक या दोन गोष्टींनी पडला.

जाता जाता एक नवलाची गोष्ट. डग्ग्यावर वेगवेगळ्या ठिकाणी थाप मारली की वेगळा बोल निघतो, तशी प्रत्येक कळ आतल्या पत्र्यावर वेगळ्या जागी आदळते आणि किंचित वेगळी वाजते. 2004 साली आयबीएममधले संशोधक दिमित्री असोनोव्ह आणि राकेश अग्रवाल यांनी दाखवून दिलं की नुसता आवाज ऐकवून संगणकाला शिकवलं, तर कोणती कळ दाबली हे तो ओळखू लागतो. बैठकीत माइक सुरू ठेवून पासवर्ड टाइप करणाऱ्यांनी हे लक्षात ठेवलेलं बरं.

कीबोर्डच्या मागचे दोन पाय बहुतेक जण सवयीने उघडतात. ते मिटलेलेच ठेवावेत. पाय उघडले की मागची बाजू उचलली जाते आणि मनगट वरच्या बाजूला वाकतं. मनगटातल्या एका अरुंद बोगद्यातून नऊ कंडरा आणि एक मज्जातंतू जातात. मनगट वाकलं की त्या बोगद्यात दाब वाढतो. आणि आकडेमोडीचं काम नसेल तर उजवीकडचा आकड्यांचा भाग नसलेला कीबोर्ड घ्या. तेवढी जागा वाचली की माऊस जवळ येतो आणि खांदा दिवसभर बाहेर ताणलेला राहत नाही.

माऊस कसा चालतो हे कळलं की त्याची निवड सोपी होते. अमेरिकी संशोधक डग्लस एंगलबार्ट यांची कल्पना आणि त्यांचे सहकारी बिल इंग्लिश यांची कारागिरी यातून 1964 साली पहिला माऊस तयार झाला. लाकडी खोकं आणि खाली काटकोनात बसवलेली दोन चाकं. 9 डिसेंबर 1968 रोजी सॅन फ्रान्सिस्कोत तो लोकांना दाखवला गेला. आजच्या माऊसच्या पोटात चाक नाही, एक इवलासा कॅमेरा आहे. दिवा पृष्ठभागावर तिरपा प्रकाश टाकतो, त्यामुळे टेबलावरच्या बारीक खडबडीच्या सावल्या पडतात. कॅमेरा सेकंदाला हजारो छोटी चित्रं टिपतो आणि लागोपाठच्या दोन चित्रांत तीच सावली किती सरकली ते मोजतो. स्वच्छ काचेवर टिपण्यासारखं काही नसतं, म्हणून तिथे साधा माऊस गोंधळतो.

खोक्यावर डीपीआयचा मोठा आकडा छापलेला असतो. माऊस एक इंच सरकला की तो किती पावलं मोजतो, एवढाच त्याचा अर्थ. 1600 डीपीआयचा माऊस एका पावलाला एक पिक्सेल, म्हणजे पडद्यावरचा एक ठिपका, धरून चालवला, तर 1920 पिक्सेल रुंदीचा पडदा सव्वा इंचातच पार होतो. त्याच्या दसपट आकड्याचं लेखनाच्या कामात काय करायचं? मानसशास्त्रज्ञ पॉल फिट्स यांनी 1954 साली मांडलेला नियम असा की लक्ष्य जितकं लांब आणि जितकं लहान, तितका तिथे पोचायला वेळ जास्त. 1978 मध्ये झेरॉक्स कंपनीच्या संशोधकांनी या नियमाने माऊस तपासला. त्यांना आढळलं की माऊसने नेम धरण्याचा वेग जवळजवळ हाताच्या स्वतःच्या मर्यादेइतका आहे. म्हणून आकड्याचा नाद सोडून हात बघावा. तळवा पूर्ण टेकवून धरायची सवय असेल तर पाठ उंच असलेला, लांब माऊस लागतो. बोटांच्या टोकांनी चालवणाऱ्याला छोटा आणि हलका बरा. माऊस पाच मिनिटं धरून बघा. करंगळी टेबलावर घासत असेल किंवा अंगठा आवळला जात असेल तर तो तुमचा नव्हे.

तळवा जमिनीकडे वळवला की कोपरापुढची दोन हाडं एकमेकांवर आडवी येतात. हस्तांदोलनाच्या स्थितीत धरायचा उभा माऊस हा पीळ कमी करतो. पहिले काही दिवस नेम चुकतो, तेवढा धीर धरावा लागतो. मनगट आधीच दुखत असेल, बोटांना मुंग्या येत असतील तर मात्र माऊस बदलून वाट बघू नका, डॉक्टरांना दाखवा.

क्लिकचा आवाज बटणाचा नसतो. बटणाखाली एक छोटा स्विच असतो आणि त्यात ताणून बसवलेली तांब्याच्या मिश्रधातूची पातळ पट्टी. दाब एका मर्यादेपलीकडे गेला की ती झटक्यात पलटते आणि संपर्कावर आदळते. शांत माऊसमध्ये हा आघात मऊ केलेला असतो, तर्क कीबोर्डचाच. ही पट्टी आदळल्यावर क्षणभर उसळतेही, आणि त्या उसळीकडे माऊस काही हजारांश सेकंद दुर्लक्ष करतो. झीज झाली की उसळी लांबते आणि एका क्लिकचे दोन होतात. माझ्या आधीच्या माऊसचं तेच झालं. एकदा क्लिक केलं की फोल्डर आपोआप उघडायचं, आणि मी कित्येक दिवस संगणकालाच दोष देत राहिले.

शांत माऊस घेताना माझी आणखी एक चूक झाली, ती चाकाची. दोन्ही बटणं अगदी मऊ होती, म्हणून मी खूश होऊन तो घेतला. रात्री पहिलं लांब पान खाली सरकवलं तेव्हा करकर करकर असा आवाज. चाकाच्या आत खाचा असतात आणि त्यांवरून एक स्प्रिंग उड्या मारत जाते. प्रत्येक खाचेला एक ठोका. आता मी माऊस हातात घेतला की आधी चाक कानाजवळ नेऊन फिरवते, बटणं नंतर.