कोणत्या सालची माइल्ड?

घरी जुनी ब्रिटिश माइल्ड एल (एल हा बिअरचाच एक प्रकार) करून पाहायची असं कुणी ठरवलं, की साहित्याची यादी काढण्याआधी साल ठरवावं लागतं. १८४० ची करायची, १९१० ची, १९१८ ची की १९३५ ची? या चारही बिअर 'माइल्ड' म्हणूनच विकल्या गेल्या आणि त्यांच्यात नावापलीकडे फारसं साम्य नाही. आज इंग्लंडच्या एखाद्या पबात माइल्ड मागितली तर बहुधा गडद तपकिरी, कमी कडू, तीन-साडेतीन टक्के मद्यार्काची बिअर समोर येते. १८४० च्या सुमारास लंडनमध्ये तीच मागितली असती तर फिकट रंगाची आणि आजच्या दुपटीहून कडक बिअर मिळाली असती.

त्या काळी माइल्ड म्हणजे फक्त ताजी बिअर. जी महिनोन्‌महिने मुरवली नाही, जिच्यात आंबटपणा आला नाही, ती माइल्ड. तिच्याविरुद्ध मुरलेली, 'स्टेल' बिअर. हा शब्द तेव्हा तक्रारीचा नव्हता. उलट मुरलेल्या बिअरला जास्त पैसे पडत, आणि गिऱ्हाईक दोन्ही एकत्र करूनही मागत. रंगाचा किंवा कडकपणाचा या नावाशी संबंधच नव्हता. कडकपणा दाखवायला पिंपांवर एक्सच्या खुणा असत: एक एक्स, दोन, तीन, चार. लंडनच्या मोठ्या ब्रुअऱ्यांच्या, म्हणजे बिअरच्या कारखान्यांच्या, वह्या पाहिल्या तर १८३०-४० च्या दशकांत साध्या एक एक्सची मूळ ग्रॅव्हिटी १.०७० च्या आसपास दिसते, चार एक्सची १.१०० च्या वर. (पाण्याची ग्रॅव्हिटी १.०००, आंबवण्यापूर्वी माल्टच्या, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या बार्लीच्या, रसात जितकी साखर विरघळलेली, तितका आकडा वर.) म्हणजे सर्वांत साधी माइल्डही सात टक्क्यांच्या घरात जाणारी.

मग गडद बिअर कुठली? ती पोर्टर. अठराव्या शतकात लंडनवर तिचंच राज्य होतं. ती ब्राउन माल्टपासून होई आणि हा माल्ट हर्टफर्डशरमधल्या वेअर गावाच्या परिसरात लाकडाच्या जाळावर भाजला जाई. पोर्टर प्रचंड पिंपांत मुरवत. किती प्रचंड, याचा अंदाज लंडनला १७ ऑक्टोबर १८१४ रोजी आला. म्यूक्स कंपनीच्या हॉर्स शू ब्रुअरीतलं एक पिंप फुटलं आणि बिअरच्या लोंढ्यात आठ जणांचा जीव गेला. त्या पिंपांत ब्रुअरचं भांडवल महिनोन्‌महिने अडकून पडे. माइल्ड मात्र दोन-तीन आठवड्यांत पबात पोहोचे आणि पैसा हातात येई. १८३० नंतर गिऱ्हाइकांची जीभही आंबटसर पोर्टरला कंटाळून ताज्या एलकडे वळली, तेव्हा ब्रुअरांना त्याचं दुःख झालं असेल असं वाटत नाही.

आपल्याकडे माइल्डचं नाव फारसं ऐकू येत नाही, त्याचं कारणही यातच आहे. ईस्ट इंडिया कंपनी सैनिकांसाठी पोर्टर मागवी, गोऱ्या साहेबांसाठी भरपूर हॉप्सची (बिअरला कडूपणा देणाऱ्या फुलांची) फिकट एल येई. चार-सहा महिन्यांचा समुद्रप्रवास सोसेल अशीच बिअर मुंबईच्या बंदरात उतरू शकत होती. काही आठवड्यांत प्यायची माइल्ड जहाजावर चढवण्यात अर्थच नव्हता. म्हणून इंडिया पेल एल जगभर माहीत झाली आणि इंग्लंडातल्या कामगाराचं रोजचं पेय इंग्लंडातच राहिलं.

ब्राउन माल्टची सद्दी संपवली ती हायड्रोमीटरने. अठराव्या शतकाच्या शेवटच्या दशकांत ब्रुअरांनी ग्रॅव्हिटी मोजायचं हे उपकरण वापरायला सुरुवात केली आणि लक्षात आलं, की ब्राउन माल्ट स्वस्त दिसतो खरा, पण त्यातून साखर कमी निघते. फिकट माल्ट महाग असूनही परवडतो. मग फिकट माल्टची पोर्टर गडद करायची कशी? काहींनी जळकी साखर घातली, काहींनी नको नको ते घातलं. १८१६ च्या कायद्याने माल्ट आणि हॉप्सखेरीज सगळ्यालाच मनाई केली. पुढच्याच वर्षी डॅनियल व्हीलरने कॉफीसारखा माल्ट भाजण्याच्या यंत्राचं पेटंट घेतलं आणि काळा माल्ट बाजारात आला.

माइल्डच्या कहाणीतली निर्णायक तारीख मात्र १८८० ची आहे. तोवर कर माल्टवर होता. सरकारला पैसा माल्टमधून मिळत असल्यामुळे ब्रुअरने बिअर माल्टचीच करावी याकडे सरकारचं बारीक लक्ष असे. साखरेला १८४७ मध्ये परवानगी मिळाली होती, पण मका किंवा तांदूळ वापरायला वाव नव्हता. पंतप्रधान ग्लॅडस्टन यांनी १८८० मध्ये माल्टवरचा कर काढला आणि तयार रसाच्या ग्रॅव्हिटीवर लावला: १.०५७ ग्रॅव्हिटीच्या ३६ गॅलनला ६ शिलिंग ३ पेन्स. आता साखर कशातून आली याच्याशी कर वसूल करणाऱ्याला देणंघेणं उरलं नाही. ब्रुअरांनी मक्याचे पोहे घेतले, साखर घेतली, आणि 'इन्व्हर्ट शुगर' नावाचा पदार्थ एलच्या पाककृतीत कायमचा बसला.

इन्व्हर्ट शुगरवर जरा रेंगाळायला हवं, कारण घरी माइल्ड करणारे बहुतेकजण इथेच फसतात. उसाच्या साखरेचा पाक सौम्य आम्लात तापवला की तिचे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज असे दोन तुकडे होतात. पाकात साखर धरू नये म्हणून आपण लिंबू पिळतो, तेच हे. मग तो पाक तापता ठेवला की रंग चढत जातो. फिकट तो एक नंबर, त्याहून गडद दोन, लालसर-काळा तीन, आणि जवळजवळ डांबरासारखा चार. माइल्डचा तो तीन नंबर. वाळलेल्या मनुका आणि जळकट टॉफी यांच्या मधली जी चव जुन्या माइल्डच्या वर्णनांत सांगतात, ती बऱ्याच अंशी या साखरेची. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस माइल्ड गडद होऊ लागली, ती या साखरेमुळे आणि वरून घातलेल्या कॅरमेलमुळे. भाजलेल्या माल्टचा वाटा त्यात पुष्कळदा किरकोळ असे. दोन महायुद्धांच्या मधल्या काळात तर एकच माइल्ड पिंपात भरताना कमी-जास्त कॅरमेल घालून वेगवेगळ्या रंगांत विकली जाई. कुठल्या भागातल्या गिऱ्हाइकाला कोणता रंग पाहायची सवय आहे, एवढाच हिशेब. त्यामुळे 'गडद म्हणजे चॉकलेट माल्ट (गडद भाजलेला माल्ट)' असं समजून मूठभर काळा माल्ट टाकला, की हाती येते ती लहानखुरी पोर्टर. पिण्यासारखी असेलही, पण ती १९३५ ची माइल्ड नव्हे.

माइल्ड हलकी केली ती युद्धाने. १९१४ मध्ये ब्रिटिश बिअरची सरासरी ग्रॅव्हिटी १.०५२ च्या आसपास होती. नोव्हेंबर १९१४ मध्ये एका प्रमाणित बॅरलवरचा कर ७ शिलिंग ९ पेन्सवरून थेट २३ शिलिंगांवर गेला. १९२० पर्यंत तो १०० शिलिंगांवर पोहोचला. दारूगोळ्याच्या कारखान्यांतले कामगार शुद्धीवर राहावेत म्हणून पबच्या वेळा कापल्या गेल्या. जर्मन पाणबुड्यांनी धान्याची जहाजं बुडवायला सुरुवात केल्यावर बार्ली भाकरीसाठी की बिअरसाठी, हा प्रश्न खरोखरच उभा राहिला. सरकारने उत्पादनावर आणि अखेर ग्रॅव्हिटीच्या सरासरीवरच मर्यादा घातली. १९१८ मध्ये ती सरासरी १.०३० च्या जवळ होती आणि लोक त्या पाणीदार बिअरला 'सरकारी एल' म्हणून हिणवत. युद्ध संपलं, मर्यादा उठल्या, पण कर राहिला. लंडनची माइल्ड १.०४० च्या थोडी वर स्थिरावली. १९३१ च्या आणीबाणीच्या अर्थसंकल्पात कर पुन्हा वाढला, तेव्हा ती १.०३५ पर्यंत उतरली, आणि दुसऱ्या महायुद्धात आणखी खाली.

त्यानंतरची उतरण थोडक्यात सांगता येते: बाटलीबंद बिअर, मग बिटर (कडवट, फिकट एल), मग लागर (थंड प्यायची फिकट बिअर). शिवाय ग्लासांतून सांडलेली, उरलेली बिअर पबवाले माइल्डच्या पिंपात परत ओततात, असा संशय होता, आणि गडद रंगात काहीही लपतं. १९७१ मध्ये सुरू झालेल्या कॅम्रा या ग्राहक संघटनेने मे महिना माइल्डचा म्हणून राखला, अधूनमधून एखादी माइल्ड राष्ट्रीय स्पर्धेतही पहिली येते, उदाहरणार्थ २००७ मध्ये हॉब्सन्सची. पण बाजार परत आला नाही.

एक अपवाद मला फार आवडतो. बर्मिंगहॅमजवळच्या ब्लॅक कंट्रीत, सेजली गावात बीकन हॉटेल आहे. त्याच्या मागच्या छोट्या ब्रुअरीत सेरा ह्यूज यांची १९२१ सालची डार्क रुबी माइल्ड आजही होते. ग्रॅव्हिटी १.०५८, मद्यार्क सहा टक्के. ब्रुअरी मधली बरीच वर्षं बंद होती. त्यांच्या नातवाने १९८७ मध्ये ती पुन्हा चालू केली. सगळा देश हलकी माइल्ड पीत असताना भट्ट्यांवर घाम गाळणाऱ्यांच्या या टापूत इतकी कडक बिअर टिकली, यावरून कर आणि कायदा यांच्या पलीकडे स्थानिक गिऱ्हाइकाचाही शब्द चाले, हे दिसतं.

घरी करण्याला ब्रिटनमध्ये १९६३ पर्यंत परवाना लागे. अर्थमंत्री रेजिनल्ड मॉडलिंग यांनी तो काढून टाकला. १९७० च्या दशकात लंडनच्या पश्चिम भागातल्या डर्डन पार्क बिअर सर्कल या हौशी मंडळाने ब्रुअऱ्यांच्या जुन्या वह्या उघडून त्यांतल्या बिअर करायला सुरुवात केली. आज हा छंद जगभर पसरला आहे, त्याची पाळंमुळं तिथे आहेत. (महाराष्ट्रात मात्र १९४९ चा दारूबंदी कायदा लागू आहे. परवान्याशिवाय घरी बिअर करता येत नाही, त्यामुळे हा उद्योग लेस्टर किंवा न्यू जर्सीतल्या मराठी मंडळींनीच करावा.)

या वह्यांची सवय व्हायला वेळ लागतो. माल्ट 'क्वार्टर'मध्ये, म्हणजे ३३६ पौंडांच्या मापात. बिअर ३६ गॅलनच्या, म्हणजे सुमारे १६४ लिटरच्या बॅरलमध्ये. ताकद 'बॅरलमागे पौंड' अशी, आणि तो आकडा २.७७ ने गुणला की ग्रॅव्हिटीचे शेवटचे अंक मिळतात: २० पौंड म्हणजे साधारण १.०५५. तापमान फॅरनहाइटमध्ये. एकाच वेळच्या माल्टातून निघालेले दाट आणि पातळ रस वेगवेगळ्या प्रमाणात मिसळून दोन-तीन बिअर काढलेल्या असतात, त्यामुळे कोणतं साहित्य कोणत्या बिअरचं, हे आधी उलगडावं लागतं. १९३० च्या दशकातल्या लंडनच्या डार्क माइल्डचा सर्वसाधारण ढाचा असा निघतो: बहुतांश फिकट किंवा माइल्ड माल्ट, थोडा क्रिस्टल माल्ट, दहा टक्क्यांच्या आसपास मक्याचे पोहे, तितकीच तीन नंबरची साखर, आणि रंगापुरतं कॅरमेल. हॉप्स फगल किंवा गोल्डिंग जातीचे, तेही पुष्कळदा वर्ष-दोन वर्षं जुने. साखर विकत मिळाली नाही तर कच्च्या उसाच्या साखरेत थोडं सायट्रिक आम्ल घालून ११५ अंश सेल्सिअसच्या आसपास दोन-अडीच तास ठेवतात. गूळ चालेल का, असं मराठी माणूस विचारणारच. चालेल, पण त्याची खारट-मातकट चव शेवटपर्यंत डोकं वर काढते. मी तरी घालणार नाही.

१८४० ची माइल्ड करायची तर साखरही नको, रंगही नको. तिथे प्रश्न बार्लीचा आहे. सफकमधल्या रेव्हरंड जॉन शेव्हालिये यांच्या नावाची जात एकोणिसाव्या शतकात इंग्लंडभर पेरली जात होती, ती पुढे शेतांतून नाहीशी झाली. नॉरिचच्या जॉन इन्स सेंटरने जपून ठेवलेल्या बियाण्यापासून ती पुन्हा वाढवली आणि आता तिचा माल्ट विकत मिळतो. तो न मिळाल्यास मॅरिस ऑटर घेतात, पण ती जात १९६० च्या दशकातली आहे, हे लक्षात ठेवून.

सर्वांत अवघड आहे ती १८०० च्या आधीची गडद बिअर. आज मिळणारा ब्राउन माल्ट फिरत्या पिंपात भाजलेला असतो आणि त्यात स्वतःच्या पिठाची साखर करण्याची शक्ती उरत नाही. जुना लाकडावरचा माल्ट एकटाच पोर्टर करायला पुरत होता. म्हणून काहीजण फिकट माल्ट ओव्हनमध्ये, क्वचित अंगणातल्या शेगडीवर, थोडा थोडा भाजून पाहतात. आणि ती मुरवायची तर साध्या यीस्टनेही भागत नाही. कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेतल्या क्लाउसेन यांनी १९०४ मध्ये मुरलेल्या इंग्लिश बिअरमधल्या ज्या सावकाश वाढणाऱ्या यीस्टचं वर्णन प्रसिद्ध केलं, ते ब्रेटानोमायसिस घालून सहा महिने ते वर्षभर थांबावं लागतं. ते एकदा प्लॅस्टिकच्या नळ्यांत शिरलं की सहजी निघत नाही, त्यामुळे माइल्डच्या आणि मुरवायच्या बिअरच्या नळ्या, झाकणं, बादल्या पहिल्या दिवसापासून वेगळ्या ठेवाव्यात.