डाउनलोड केलेलं पॅकेज आणि बसवलेलं पॅकेज

लातुरातल्या आमच्या क्लासच्या लॅबमध्ये नेट कधी जाईल याचा नेम नाही. त्यामुळे पोरांचा एक प्रश्न ठरलेला असतो: मशीनवर पायथन या प्रोग्रामिंग भाषेची ३.१० आणि ३.१२ ही दोन्ही व्हर्जनं आहेत, तर नम्पाय (आकडेमोडीचं तयार कोड-पॅकेज) दोनदा कशाला बसवायचं? उदगीरच्या एका पोरानं तर विचारत न बसता ३.१२ च्या साइट-पॅकेजेस फोल्डरचा, म्हणजे बसवलेली पॅकेजेस राहतात त्या जागेचा, पत्ता पायथनपाथमध्ये (पायथननं पॅकेजेस आणखी कुठं शोधावीत ते सांगणाऱ्या सेटिंगमध्ये) टाकला. दहा मिनिटांत हजर. "सर, ३.१२ वर चालायलंय, पण ३.१० वर चालंना गेलंय."

गोंधळ 'पॅकेज' या शब्दात आहे. आपण दोन वेगळ्या वस्तूंना हे एकच नाव देतो. नेटवरून उतरते ती व्हील फाइल, म्हणजे खरं तर एक झिप. पिप, म्हणजे पॅकेजेस बसवणारा प्रोग्राम, ती उलगडून साइट-पॅकेजेसमध्ये मांडतो, ते बसवलेलं पॅकेज. सोयाबीनच्या बियाण्याचं पोतं दोघा भावांना वाटून घेता येतं; एकाच्या रानात उगवलेलं पीक उपटून दुसऱ्याच्या रानात नेत नाहीत.

नम्पायचा मोठा भाग सी भाषेत लिहून आधीच कंपाइल केलेला, म्हणजे मशीनच्या भाषेत बदललेला असतो. त्या फाइलच्या नावातच ३१२ असा आकडा असतो, म्हणून ३.१० तिच्याकडे ढुंकूनही बघत नाही आणि मॉड्यूल सापडत नाही म्हणून मोकळं होतं. फाइल तर समोर दिसते, म्हणून पोरगं चक्रावतं. त्यात नम्पायनं २.३ पासून ३.१० ला सोडूनच दिलंय, त्याला २.२ वरच थांबावं लागतं.

मग निव्वळ पायथनमध्ये लिहिलेली पॅकेजेस तरी सामायिक ठेवावीत का? इथंच जाणतेही फसतात. कोड तपासायचं पायटेस्ट घ्या. त्यात कंपाइल केलेलं काही नाही. पण बसवताना पिप विचारतो, कोणतं पायथन आहे? ३.११ पासून टॉमल (सेटिंग लिहायची एक पद्धत) वाचायची सोय आणि एक्सेप्शन-ग्रुप (अनेक एरर एकत्र बांधायची सोय) भाषेतच आले, त्यामुळे ३.१२ वर बसवताना टॉमली आणि एक्सेप्शनग्रुप ही तीच कामं करणारी दोन पॅकेजेस येतच नाहीत. तोच फोल्डर ३.१० ला दिला की पायटेस्ट अडखळतं, आणि दोष मात्र पायटेस्टच्या माथी येतो. म्हणजे बसवलेल्या फोल्डरमध्ये कोड असतो तसा त्या वेळचा निर्णयही गोठलेला असतो.

(पायथन स्वतः भाषांतरित केलेला कोड साठवतं तो पायकॅश फोल्डर मात्र भांडत नाही. पायथन ३.२ पासून त्यातल्या फाइलींच्या नावात व्हर्जन असतं, सगळ्या सुखानं नांदतात. ते बघूनच बऱ्याच जणांना वाटतं की बाकीचंही तसंच चालेल.)

पायथनपाथचा आणखी एक ताप आहे. तो मशीनवरचं प्रत्येक पायथन वाचतं, उबुंटूच्या स्वतःच्या प्रोग्रामांमागचंसुद्धा.

व्हीलचं तसं नाही. ती बिनधास्त साठवावी, वाटावी. नेट बरं असतं त्या दिवशी मी 'पिप डाउनलोड' दोन्ही पायथनवरून एकाच फोल्डरमध्ये चालवतो आणि फोल्डर पेनड्राइव्हवर घेतो. मग प्रत्येक मशीनवर प्रत्येक पायथनचं वेगळं व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट (स्वतःच्या पॅकेजेसचा स्वतंत्र फोल्डर) करायचं, 'नो-इंडेक्स' आणि 'फाइंड-लिंक्स' हे पर्याय देऊन त्याच फोल्डरमधून बसवायचं. नेट लागत नाही. डिस्कची जागाही वाचवायची असेल तर पिपऐवजी यूव्ही हा प्रोग्राम वापरा: ते सहसा एकाच कॅशमधल्या (साठ्यातल्या) फाइलींना हार्ड लिंक करतं, म्हणजे त्याच फाइलला दुसरं नाव देतं; एन्व्हायर्नमेंट दहा झाली तरी एका व्हीलची डिस्कवर प्रत एकच. अट एवढीच, की कॅश आणि एन्व्हायर्नमेंट डिस्कच्या एकाच पार्टिशनवर हवं.

पेनड्राइव्हवरच्या त्या फोल्डरमधली नावं पोरांना मोठ्यानं वाचायला लावतो. रिक्वेस्ट्स या पॅकेजची फाइल एकच, शेवटी 'एनी', म्हणजे कुठंही चालणारी. पीएस-युटिल हे पॅकेज कंपाइल केलेलं, तरी एकच, कारण नावात 'एबीआय३' आहे, म्हणजे पायथनशी जोडायचा न बदलणारा सांधा. तो पुढच्या व्हर्जनांनाही चालतो. नम्पायच्या मात्र दोन, एक सीपी३१० ची (पायथन ३.१० साठी), एक सीपी३१२ ची. उदगीरचं पोरगं तिथं आल्यावर स्वतःच हसलं.