प्रौढ टी-पेशी ल्युकेमिया-लिम्फोमा : रोगप्रसार आणि लोकसंख्याशास्त्र

प्रौढ टी-पेशी ल्युकेमिया-लिम्फोमा (एटीएल) : परिपक्व टी-लसीकापेशींचा (रोगप्रतिकार करणाऱ्या एका प्रकारच्या पांढऱ्या रक्तपेशींचा) दुर्मिळ आणि बहुधा झपाट्याने वाढणारा कर्करोग. एचटीएलव्ही-१ या रेट्रोव्हायरसचा (आपली जनुके पेशीच्या डीएनएत मिसळणाऱ्या विषाणूचा) जुना संसर्ग असल्याशिवाय तो होत नाही. हा संसर्ग जगभर सारखा पसरलेला नाही. काही बेटे, काही जिल्हे, काही समाज आणि त्यांतही काही कुटुंबे यांत तो एकवटलेला असतो. त्यामुळे एटीएलच्या बाबतीत देशभराची सरासरी फारसे काही सांगत नाही. रुग्ण आज कुठे राहतो यापेक्षा तो आणि त्याची आई कुठे जन्मली, हे विचारणे अधिक उपयोगी पडते.

रोगाची ओळख पटली तीही जन्मस्थानाच्या नोंदीमुळे. क्योटोतील ताकाशी उचियामा, कियोशी ताकात्सुकी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७७ मध्ये १६ रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. त्यांतले १३ जण दूरच्या क्यूशू बेटावर जन्मलेले होते. एवढ्यावरून संसर्गाची शंका बळावली. १९८० मध्ये अमेरिकेत रॉबर्ट गॅलो यांच्या गटाने विषाणू वेगळा केल्याचे जाहीर केले आणि १९८१ मध्ये योरिओ हिनुमा यांच्या गटाने जपानी रुग्णांच्या रक्तात त्याच्याशी निगडित प्रतिपिंडे (अँटीबॉडी) दाखवून दिली.

भौगोलिक वाटणी

जगात एचटीएलव्ही-१ चे ५० लाख ते १ कोटी वाहक (संसर्ग असलेले, पण रोग नसलेले) असल्याचा अंदाज २०१२ मध्ये मांडला गेला. मात्र तो चाचण्यांची विश्वासार्ह आकडेवारी असलेल्या प्रदेशांपुरताच आहे. नैर्ऋत्य जपान (क्यूशू, ओकिनावा), जमैका व इतर कॅरिबियन बेटे, पश्चिम व मध्य आफ्रिका, ब्राझील, पेरू व कोलंबियाचे काही भाग, इराणमधील मशहद व आसपासचा खोरासान, रुमानिया, मेलानेशिया आणि मध्य ऑस्ट्रेलियातील आदिवासी वस्त्या ही संसर्गाची मुख्य केंद्रे. जमैकात प्रौढांपैकी सुमारे ५ ते ६ टक्के वाहक आढळले, तर मशहदमध्ये साधारण २ टक्के.

विषाणूचा आणि रोगाचा नकाशा मात्र एकमेकांवर तंतोतंत बसत नाही. मध्य ऑस्ट्रेलियातील काही दुर्गम वस्त्यांत निम्म्याच्या आसपास प्रौढ बाधित आहेत, तरी तेथे एटीएलचे रुग्ण मोजकेच नोंदले गेले आहेत. तेथील विषाणूचा ‘सी’ हा उपप्रकार वेगळा आहे हे खरे, पण केवळ त्यावर बोट ठेवणे घाईचे होईल. आयुर्मान कमी असले, की रोगाच्या वयापर्यंत पोचणारेच थोडे राहतात. आफ्रिकेत वाहक भरपूर आणि नोंदलेले रुग्ण अगदी कमी दिसतात. तेथे फ्लो सायटोमेट्री (पेशींचे प्रकार ओळखणारी तपासणी) आणि विषाणूची चाचणी सहजी उपलब्ध नसल्याने रोग साध्या ‘लिम्फोमा’ या नावाखाली निघून जातो.

परिघीय टी-पेशी लिम्फोमांच्या (परिपक्व टी-पेशींचे कर्करोग, एटीएल त्यांतलाच एक) आंतरराष्ट्रीय पाहणीत (२००८) एटीएलचा वाटा आशियात सुमारे २५ टक्के, उत्तर अमेरिकेत २ टक्के आणि युरोपात १ टक्का निघाला. आशियाचा आकडा मुख्यतः जपानचा आहे. तो चीन किंवा भारताला लावता येत नाही. न्यूयॉर्क, लंडन, पॅरिस येथील रुग्ण बहुतेक कॅरिबियन, आफ्रिकन किंवा दक्षिण अमेरिकी मूळ असलेल्या कुटुंबांतले असतात. लहानपणी लागलेला संसर्ग स्थलांतरानंतरही सोबत राहतो. जपानमध्ये देशांतर्गत स्थलांतरामुळे वाहकांचा क्यूशूचा वाटा घटून टोकियो परिसराचा वाढला आहे.

धोका किती, कोणाला

बहुसंख्य वाहकांना हा रोग कधीच होत नाही. जपानी वाहकांत आयुष्यभराचा धोका पुरुषांना सुमारे ६ ते ७ टक्के आणि स्त्रियांना २ ते ३ टक्के धरला जातो. साधारण दहा लाख वाहक आणि वर्षाला सुमारे हजार नवे रुग्ण, म्हणजे दर हजार वाहकांमागे वर्षाला एक. हा भागाकार जपानपुरताच घ्यावा. तेथील वाहक वयस्क आहेत. तरुण लोकसंख्येच्या देशाला तोच दर लावला, तर अपेक्षित रुग्णसंख्या विनाकारण फुगते.

वाहकांत स्त्रिया अधिक, पण रुग्णांत पुरुष किंचित अधिक, ही विसंगती वरवरची आहे. लैंगिक संबंधांतून संसर्ग प्रामुख्याने पुरुषाकडून स्त्रीकडे जातो. त्यामुळे वयाबरोबर बाधित स्त्रियांची संख्या वाढत जाते. परंतु एटीएल बहुतांशी बालपणी, आईच्या दुधातून बाधित झालेल्यांना होतो. प्रौढपणी बाधित झालेल्या स्त्रिया छेदात (वाहकांत) मोजल्या जातात, अंशात (रुग्णांत) क्वचितच येतात.

संसर्ग आणि रोग यांत ३० ते ६० वर्षे जातात. जपानमध्ये निदानाचे मध्यक वय १९८० च्या दशकात ५७-५८ च्या आसपास होते, २०१० नंतर ते ६८ वर गेले. नवे बाधित कमी होऊन जुने वाहक म्हातारे होत चालल्याची ही खूण. कॅरिबियन व दक्षिण अमेरिकी रुग्ण मात्र सरासरी पंधरा-वीस वर्षे लहान असतात. यात लोकसंख्येच्या वयरचनेचा भाग आहे. स्ट्राँगिलॉइडिस जंताची जोडबाधा आणि बालपणीचा संसर्गजन्य त्वचादाह यांचाही संबंध दाखवला गेला आहे.

वाहकांत धोका ओळखण्याचा सर्वांत कामाचा निकष प्रोव्हायरसचे, म्हणजे पेशींच्या डीएनएत मिसळलेल्या विषाणू-जनुकांच्या प्रतींचे, प्रमाण. २०१० च्या जपानी अभ्यासात पुढे एटीएल झालेल्या सर्वांत ते आधीच दर १०० एककेंद्रकी रक्तपेशींमागे ४ प्रतींहून अधिक होते. उलट, या मर्यादेवरच्या बहुतेकांना रोग झाला नाही. म्हणजे निकष लक्ष ठेवण्यासाठी चांगला, भाकितासाठी अपुरा.

रोगाचे चार उपप्रकार (तीव्र, लिम्फोमाप्रधान, जुनाट, धुमसता) १९९१ च्या शिमोयामा वर्गीकरणानुसार ठरतात. त्यासाठी अभ्यासलेल्या ८१८ रुग्णांत निम्म्याहून अधिक तीव्र प्रकारचे होते. त्यांचा निदानानंतर जगण्याचा मध्यक काळ ६.२ महिने, लिम्फोमाप्रधानांचा १०.२ आणि जुनाटांचा २४.३ महिने होता. उत्तर अमेरिकेतील कॅरिबियन रुग्णांत लिम्फोमाप्रधान प्रकार तुलनेने जास्त दिसतो.

मोजणीत कुठे चुकते

सर्वांत मोठी गळती निदानातच होते. लिम्फोमाप्रधान प्रकारात रक्तात पाकळीदार केंद्रकाच्या ‘फुलपेशी’ नसू शकतात. गाठीचा तुकडा पाहून तो अवर्गीकृत परिघीय टी-पेशी लिम्फोमा वाटतो आणि त्वचेवरचा रोग मायकोसिस फंगॉइडिस (त्वचेचा वेगळा टी-पेशी लिम्फोमा) म्हणून खपतो. एचटीएलव्ही-१ ची चाचणी सांगितलीच नाही, तर कर्करोग नोंदवहीत एटीएलच्या ९८२७/३ ऐवजी या दोन रोगांचा ९७०२/३ किंवा ९७००/३ हा संकेतांक पडतो. टी-पेशी लिम्फोमाच्या प्रत्येक रुग्णाची ही चाचणी करावी. सोबत रक्तातील कॅल्शियम वाढलेले असेल (एटीएलमध्ये ते बऱ्याचदा वाढते), तर ती टाळण्यास काहीच सबब उरत नाही.

वाहकांची गणना बहुधा रक्तदात्यांवरून होते. रक्तदाते तरुण व निरोगी असतात आणि पूर्वी बाधित ठरलेले पुन्हा येत नाहीत. त्यामुळे आकडा कमी येतो. प्रतिपिंडे शोधणारी एलायझा किंवा कणसमूहन चाचणी ही पहिली पायरी. कमी प्रादुर्भावाच्या प्रदेशात तिच्या होकारार्थी निकालांपैकी बरेच खोटे असतात, म्हणून वेस्टर्न ब्लॉट किंवा लाइन इम्युनोअ‍ॅसे या अधिक नेमक्या प्रतिपिंड-चाचण्यांनी खात्री करतात. तोही निकाल अनिश्चित राहिला, तर विषाणूची जनुके थेट शोधणारी पीसीआर. पुष्टीशिवाय काढलेले प्रादुर्भावाचे जुने आकडे जपूनच वापरावेत. अर्भकात आईची प्रतिपिंडे वर्षभर किंवा अधिक काळ टिकतात. जपानमध्ये म्हणूनच मुलाची चाचणी तिसऱ्या वर्षाच्या सुमारास करतात.

प्रतिबंध आणि त्याचा उशिरा दिसणारा परिणाम

जपानमध्ये १९८६ पासून दान केलेल्या रक्ताची तपासणी सुरू झाली आणि रक्तसंक्रमणातून होणारा प्रसार जवळजवळ थांबला. नागासाकी प्रांतात १९८७ पासून गरोदर स्त्रियांची चाचणी होऊ लागली. तेथे सहा महिने वा अधिक अंगावर पाजलेल्या बाळांत सुमारे २० टक्के, त्याहून कमी काळ पाजलेल्यांत ८ टक्के आणि केवळ वरचे दूध दिलेल्यांत २.५ टक्के बाधित निघाली. तीन महिन्यांपर्यंतचे अल्पकालीन स्तनपान हा मधला मार्ग काही माता निवडतात. त्यात अडचण अशी, की ठरल्या दिवशी पाजणे थांबवणे अनेकींना जमत नाही. म्हणून दूध तोडण्यासाठी मदत आधीच ठरवून ठेवावी लागते. वरच्या दुधासाठी स्वच्छ पाण्याची शाश्वती नाही अशा ठिकाणी हा सल्ला जसाच्या तसा देता येत नाही.

१९८७ नंतर जन्मलेली पिढी जपानमधील निदानाचे सध्याचे वय २०५५ च्या सुमारास गाठेल. आजची रुग्णसंख्या पाहून या कार्यक्रमाचे यशापयश जोखता येत नाही. ते मुलांतील संसर्गाच्या प्रमाणावरूनच पाहावे लागते. शिवाय प्रौढांमधला प्रसार चालूच आहे. रक्तदात्यांच्या पाठपुराव्यावरून २०१६ मध्ये मांडलेल्या अंदाजानुसार जपानमध्ये वर्षाला ४,००० हून अधिक किशोरवयीन व प्रौढ नव्याने बाधित होतात. त्यांत सुमारे तीन-चतुर्थांश स्त्रिया आहेत. त्यांना स्वतःला एटीएलचा धोका कमी असतो, पण पहिल्या बाळंतपणात निर्दोष ठरलेली स्त्री दुसऱ्या वेळी बाधित असू शकते. त्यामुळे चाचणी प्रत्येक गरोदरपणी नव्याने करावी लागते.