किल्वा आणि ग्रेट झिंबाब्वे: सोनं एकाचं, जकात दुसऱ्याची

पूर्व आफ्रिकेच्या जुन्या व्यापारावर कुठेही वाचायला घ्या, किल्वा आणि ग्रेट झिंबाब्वे ही नावं एका दमात येतात आणि दोन ओळींत त्यांचा पार काला होतो. अरबांनी वसवलेली सोन्याची शहरं, एवढ्यावर विषय मिटतो. कधी ग्रेट झिंबाब्वे किल्वाच्या सुलतानाच्या अमलाखाली जातं, तर कधी किल्वाच्या बेटावर सोन्याच्या खाणी निघतात. दोन्ही साफ चूक आहे. आणि ही चूक निरुपद्रवी नाही, कारण तिच्यामुळे एका अख्ख्या समाजाचं श्रेय दुसऱ्याच्या खात्यावर जमा होतं.

किल्वा समजायला आपल्याला वेळ लागू नये. चौल-दाभोळचा इतिहास माहीत असलेल्याला बंदराचं राजकारण वेगळं शिकवावं लागत नाही. आजच्या टांझानियाच्या दक्षिण किनाऱ्यालगतचं हे बेट. स्वाहिली बोलणारी मुसलमान वस्ती, चुन्यात बसवलेल्या प्रवाळी दगडाची मोठी मशीद, सुलतानाच्या नावाची तांब्याची नाणी. १३३१ मध्ये इब्न बतूता इथे आला तेव्हा अल-हसन इब्न सुलेमान गादीवर होता. किल्वाही निव्वळ अरबांचं नव्हतं, हे जाता जाता सांगायला हवं. स्वाहिली ही बांटू कुळातली भाषा आहे. वस्ती मुळात किनाऱ्यावरच्या आफ्रिकी लोकांची, त्यात इराणी आणि अरब मिसळत गेले.

किल्वाची सगळी भिस्त वाऱ्यावर होती. हिवाळ्यात ईशान्येचा वारा धरून भारताच्या पश्चिम किनाऱ्यावरून किंवा अरबस्तानातून सुटलेलं गलबत किल्वापर्यंत पोचायचं आणि वारा फिरला की परतीला लागायचं. त्याच्या खाली, दक्षिणेला, मोसमी वाऱ्यांचा भरवसा उरत नाही. सोनं मात्र खालूनच यायचं, आजच्या मोझांबिकमधल्या सोफाळा बंदरातून. तेराव्या शतकाच्या सुमारास सोफाळ्याचा व्यापार किल्वाने आपल्या हातात घेतला. तिथलं सोनं आणि हस्तिदंत वर आणायचं, कापड आणि मणी खाली पाठवायचे आणि मधल्या मध्ये जकात घ्यायची. चौलच्या उत्खननात मिळालेल्या काही मण्यांची काच आणि पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरच्या काही मण्यांची काच रासायनिकदृष्ट्या एकाच गटात मोडते, म्हणजे या देवाणघेवाणीत आपला किनाराही होता.

आता ग्रेट झिंबाब्वे. किल्वापासून सरळ रेषेत सुमारे दीड हजार किलोमीटर दूर, समुद्रापासून आत, आजच्या झिंबाब्वे देशातल्या पठारावर. अकराव्या ते पंधराव्या शतकातलं हे नगर शोना लोकांच्या पूर्वजांनी उभारलं. इथे मशीद नाही, शिलालेख नाहीत, स्वतःची नाणी नाहीत. हे फरक कोणीही सांगेल, त्यांच्यावर मी वेळ घालवत नाही. पण भिंत जवळून बघण्यासारखी आहे. मोठ्या कोटाची बाहेरची भिंत सुमारे अडीचशे मीटर घेराची आणि काही ठिकाणी अकरा मीटर उंच. चुना नाही, माती नाही. ग्रॅनाइटच्या फोडलेल्या चिपा थरावर थर रचल्या आहेत, प्रत्येक थर किंचित आत घेत, आणि माथ्याजवळ नागमोडी नक्षीचा पट्टा ओढलेला. किल्वाच्या गवंड्याचा हात या कामात कुठेही दिसत नाही.

लोक खरे अडखळतात ते पुढे. व्यापार दोन्हीकडे होता, म्हणून दोन्ही राज्यं व्यापारावर उभी होती असं धरून चालतात. किल्वाचं राज्य व्यापारावर उभं होतं हे खरं. ग्रेट झिंबाब्वेत मात्र राज्य आधी होतं आणि व्यापार त्याच्या जिवावर चालत होता. त्याचा पाया गुरं आणि शेती. उत्खननात गुरांच्या हाडांचे ढीग निघाले आहेत. कळप ज्याच्याकडे, त्याच्याकडे माणसं, मान आणि सत्ता. सोन्याची खाण तर खुद्द नगरात नव्हतीच. पठारावर इतरत्र शेतकरी कुटुंबं कोरड्या हंगामात, भूजल खाली गेलं की, अरुंद विवरांत उतरून खडक फोडायची किंवा नदीची वाळू धुऊन सोनं काढायची. त्यांनी काढलेल्या सोन्याची वाट राज्याच्या हद्दीतून जायची. बदल्यात आलेली चिनी भांडी आणि काचेचे मणी दरबाराची शान वाढवायचे, पण पोट भरायचं गुरांवर आणि धान्यावर. त्यामुळे खाणीपासून किल्वापर्यंत एकच बाण ओढलेले नकाशे मला अजिबात पटत नाहीत. त्या बाणात राज्यच गडप होतं. ग्रेट झिंबाब्वेची ओळख करून देताना आधी गुरं सांगावीत आणि मग सोनं, असा माझा आग्रह आहे.

किल्वाच्या सत्तेचा पुरावा म्हणून एक नाणं नेहमी पुढे केलं जातं. अल-हसन इब्न सुलेमानच्या नावाचं तांब्याचं एक नाणं ग्रेट झिंबाब्वेत सापडलं, हे खरं आहे. पण किल्वाची पाच नाणी १९४४ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेला, वेसल बेटांवरही सापडली. तिथे किल्वाचं राज्य होतं असं कोणी म्हणत नाही. नाणं हातोहात फिरतं. त्यावरून संबंध सिद्ध होतो, अंमल नाही.

हा गोंधळ आपोआप झालेला नाही. १८७१ मध्ये जर्मन प्रवासी कार्ल माउख ग्रेट झिंबाब्वेत पोचला, दाराच्या लाकडाचा तुकडा त्याला लेबनॉनच्या देवदारासारखा वाटला आणि त्याने हे बायबलमधल्या शेबाच्या राणीशी जोडून टाकलं. पुढे रिचर्ड हॉलने सफाईच्या नावाखाली मधले थर उपसून फेकले, आणि त्याबरोबर पुरावाही गेला. १९०५ मध्ये डेव्हिड रँडल-मॅकआयव्हरने आणि १९२९ मध्ये गर्ट्रूड केटन-थॉम्प्सनने हे काम आफ्रिकी लोकांचंच असल्याचं उत्खननाच्या आधारे मांडलं. तरीही ऱ्होडेशियाच्या, म्हणजे आजच्या झिंबाब्वेच्या, गोऱ्या सरकारला १९७० च्या दशकातही ते जाहीरपणे मान्य करवलं नाही. आपण आज सहज ‘अरबांनी बांधलं’ लिहितो तेव्हा तोच जुना दावा पुढे चालवतो.

दोघांमधला फरक सोळाव्या शतकात उघड झाला. १५०५ मध्ये पोर्तुगीजांनी किल्वा घेतलं आणि त्याच वर्षी सोफाळ्यात किल्ला बांधायला घेतला. जकातीची वाट हातातून गेली आणि किल्वाला पूर्वीचं वैभव पुन्हा लाभलं नाही. ग्रेट झिंबाब्वे तोवर ओस पडत आलं होतं, पण पठारावरची सत्ता संपली नव्हती. ती उत्तरेला मुतापा राज्यात आणि पश्चिमेला खामीत चालू होती. मुतापाच्या राजाला पोर्तुगालचं मांडलिकत्व पत्करायला लावायला पोर्तुगीजांना १६२९ उजाडावं लागलं.