ग्राफिक्स कार्डची मेमरी : १२८ बिटांच्या वादाची पार्श्वभूमी

सांगलीत विश्रामबागेला काय किंवा मिरजेत काय, ग्राफिक्स कार्ड घ्यायला आलेल्या मुलांचा पहिला प्रश्न "किती जीबीचं?" हाच असतो. मेमरी बस, म्हणजे चिप आणि मेमरी यांच्यातला रस्ता, किती बिटांची, हे क्वचितच कोणी विचारतं, आणि अलीकडच्या वर्षांत काटछाट झाली ती नेमकी तिथेच. हरिपूरच्या पेवात, म्हणजे जमिनीखालच्या साठवणीच्या खड्ड्यात, हळद किती मावते आणि त्याच्या अरुंद तोंडातून दिवसभरात किती वर काढता येते, हे हिशेब जसे वेगळे, तशी कार्डची क्षमता वेगळी आणि बँडविड्थ, म्हणजे सेकंदाला किती माहिती ये-जा करते ते, वेगळी. मेमरी काटकसरीने वापरण्याच्या युक्त्या कधी एकीसाठी निघाल्या, कधी दुसरीसाठी. विकताना मात्र त्यांची सरमिसळ होते.

जुना भाग थोडक्यात. १९९८ साली टेक्श्चर, म्हणजे गेममधल्या वस्तूंवर चढवलेली चित्रं, आक्रसून साठवणारं कॉम्प्रेशन आलं. चार बाय चार पिक्सेलच्या ठोकळ्याला ३८४ बिट लागायचे, ते दोन मूळ रंग आणि दर पिक्सेलला दोन बिट एवढ्यावर, म्हणजे ६४ बिटांत बसवले. यात जागाही वाचली आणि ये-जाही. २०१४ च्या सुमारास रुळलेल्या रंग-फरक कॉम्प्रेशनचं तसं नाही. शेजारच्या पिक्सेलमधला फक्त फरक पाठवला की बँडविड्थ वाचते, पण फरक मोठा निघालाच तर पूर्ण माहिती मावली पाहिजे म्हणून जागा सगळी राखूनच ठेवावी लागते. "आमचं कॉम्प्रेशन चांगलं, म्हणून कमी जीबी चालतील" हा युक्तिवाद इथेच लंगडा पडतो.

२०१४ मध्येच आलेल्या एनव्हिडियाच्या जीटीएक्स ९७० या कार्डाच्या ४ जीबींपैकी शेवटचा अर्धा जीबी बाकीच्यापेक्षा कितीतरी संथ निघाला. चिपचा एक भाग बंद ठेवून उरलेला वापरायचा, ही रचना तशी शहाणपणाचीच होती. पण ती ग्राहकाला सांगितली नव्हती. जानेवारी २०१५ मध्ये प्रकरण बाहेर आलं आणि २०१६ मध्ये अमेरिकेत दर कार्डामागे ३० डॉलर देऊन तडजोड झाली.

खरा वाद २०२३ चा. एनव्हिडियाच्याच डिसेंबर २०२० मधल्या आरटीएक्स ३०६० टीआयची बस २५६ बिटांची होती आणि बँडविड्थ सेकंदाला ४४८ जीबी. मे २०२३ मध्ये त्याच्या जागी आलेल्या ४०६० टीआयची बस १२८ बिटांची. १२८ भागिले ८ (आठ बिटांचा एक बाइट), गुणिले दर तारेला सेकंदाला १८ गिगाबिट : २८८ जीबी. बदल्यात एल-टू कॅशे, म्हणजे चिपवरचीच छोटी पण वेगवान साठवण, ४ एमबीवरून ३२ एमबी केली. कल्पना नवी नव्हती. प्रतिस्पर्धी एएमडीने २०२० मध्येच २५६ बिटांच्या बसला १२८ एमबी कॅशेची जोड दिली होती, आणि चिपबाहेर जाण्यापेक्षा चिपवरच काम भागलं तर वीजही पुष्कळ वाचते. शिवाय मेमरीची ये-जा सांभाळणारे मेमरी कंट्रोलर चिपवर जागा खातात आणि चिप बनवण्याच्या नव्या प्रक्रियेत ते इतर भागांइतके आक्रसत नाहीत. अभियंत्यांची बाजू इथवर भक्कम आहे.

अडचण पुढची. कंपनीच्या तपशिलात २८८ च्या शेजारी "परिणामी बँडविड्थ ५५४ जीबी" असा आकडा आला. त्यामागचं गृहीत असं, की मेमरीकडे जाणाऱ्या जवळपास निम्म्या मागण्या कॅशेतच भागतील. १०८० पिक्सेलच्या गेमला ते बऱ्यापैकी जमतं. ४केला कॅशे अपुरी पडते, आणि काही गेममध्ये जुनं कार्डच पुढे राहिलं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे मेमरीची प्रत्येक चिप ३२ बिटांना जोडली जाते. १२८ बिट म्हणजे चार चिप, दर चिप २ जीबी, एकूण ८ जीबी. बस अरुंद केली की क्षमताही आपोआप आखडते, आणि ३२ एमबी कॅशे ती भरून काढू शकत नाही. दोन महिन्यांनी बोर्डाच्या दोन्ही बाजूंना चिप लावून १६ जीबीचा प्रकार काढला. अमेरिकेत त्याची किंमत ३९९ ऐवजी ४९९ डॉलर होती आणि बँडविड्थ तीच, २८८. काटकसर कंपनीची झाली, भुर्दंड ग्राहकाला पडला, असं माझं स्पष्ट मत आहे.

आपल्याकडे हा प्रश्न गेमपुरता राहिलेला नाही. तासगाव-पलूस भागातल्या द्राक्षाच्या पानांवरचा केवडा आणि भुरी हे रोग फोटोवरून ओळखणारं मॉडेल हा इथल्या इंजिनिअरिंगच्या मुलांना जवळचा वाटणारा प्रकल्प. अडीच कोटी पॅरामीटरचं (शिकवताना बदलत जाणाऱ्या आकड्यांचं) मॉडेल घेतलं, तर वजनं म्हणजे ते आकडे, ग्रेडियंट म्हणजे ते कुठे सरकवायचे याचा हिशेब आणि सरकवणाऱ्या ऑप्टिमायझरचे दोन आकडे मिळून दर पॅरामीटरला १६ बाइट, म्हणजे फक्त ४०० एमबी. तरी ८ जीबीचं कार्ड "आउट ऑफ मेमरी" म्हणून थांबतं, कारण जागा खातात ते प्रत्येक थराचे मधले निकाल, आणि बॅच, म्हणजे एका वेळी दिलेले फोटो, दुप्पट केली की तेही दुप्पट. त्यावर दोन प्रामाणिक उपाय आहेत : १६ बिटांत गणित करायचं, किंवा मधले निकाल टाकून देऊन लागतील तेव्हा पुन्हा काढायचे. दुसऱ्यात वेळ जातो, पण काम पार पडतं.

भाषा-मॉडेलांनी तर कॅशेचा दावा पुरता उघडा पाडला. ७ अब्ज पॅरामीटरचं मॉडेल १६ बिटांत १४ जीबी होतं, ४ बिटांत साडेतीन. ते ८ जीबीत मावतं खरं, पण एकेक शब्दखंड काढताना सगळी वजनं नव्याने वाचावी लागतात. २८८ जीबीला सेकंदाला फार तर ८२ शब्दखंड, ४४८ ला १२८. साडेतीन जीबी वजनं ३२ एमबी कॅशेत मावत नाहीत, म्हणून इथे ५५४ चा काही उपयोग नाही. २०२२ मध्ये अटेन्शनचं, म्हणजे शब्दांचे परस्परसंबंध जोखण्याचं, गणित तुकड्यातुकड्याने चिपवरच उरकण्याची पद्धत आली, २०२३ मध्ये संभाषणाची साठवण पानापानांनी ठेवण्याची. या दोन्ही सुधारणा सॉफ्टवेअरने दिल्या आणि खुल्या स्वरूपात दिल्या.

एप्रिल २०२५ मध्ये ५०६० टीआय आलं. नव्या जीडीडीआर७ मेमरीमुळे बँडविड्थ झाली ४४८ जीबी, म्हणजे २०२० मध्ये होती तेवढीच. बस १२८ बिटांचीच राहिली आणि ८ जीबीचा प्रकारही कायम आहे.