पहिला टॅरांटुला घेताना: उताणा पडलेल्या कोळ्याला हात लावू नका

‘कोळी उताणा पडलाय, पाय वर आहेत, हलत नाही. मेला बहुतेक.’ आम्ही टॅरांटुला, म्हणजे मोठे केसाळ कोळी, विकतो आणि आम्हाला सगळ्यात जास्त फोन या एका गोष्टीसाठी येतात. त्यातले बहुतेक कोळी ठणठणीत असतात, कात टाकत असतात, म्हणजे अंगावरचं जुनं कवच उतरवत असतात. वाईट एवढंच वाटतं, की काहींनी फोन करण्याआधीच काडीने ढोसून त्याला सरळ केलेलं असतं. त्या वेळी कोळ्याचं अंग इतकं मऊ असतं की पाय तुटू शकतो, अंगातला द्रव वाहू शकतो आणि कोळी खरोखरच दगावू शकतो.

ओळखायचं कसं? कात टाकणारा कोळी पाठीवर झोपतो. मेलेला किंवा मरायला टेकलेला बहुधा पालथाच असतो आणि त्याचे पाय अंगाखाली मुठीसारखे आवळलेले असतात. कोळ्याला पाय आत ओढायला स्नायू आहेत, पण मुख्य सांधे ताणायला अंगातल्या द्रवाचा दाब लागतो. तो दाब गेला की पाय आखडतात. तेव्हा कोळी पाठीवर दिसला तर डबा हलवू नका, पाणी शिंपडू नका, जिवंत किडा आत राहिला असेल तर कोळ्याला धक्का न लावता तेवढा काढून घ्या. काम काही तासांत उरकतं, मोठ्या कोळ्याला कधी जास्त वेळ लागतो.

याची चाहूल आधी लागते. कोळी खाणं सोडतो, सुस्तावतो, पोटावर केस गेलेला भाग असेल तर तो काळपट होतो. काही जण खाली जाळ्याची चटई विणतात. मोठा कोळी असा कित्येक आठवडे, कधी महिने उपाशी राहतो. पोट गुबगुबीत आणि भांड्यात पाणी असेल तर काळजीचं कारण नाही. आग्रह म्हणून आत सोडून दिलेला रातकिडा मात्र कात टाकताना कोळ्यालाच कुरतडतो. कात टाकल्यावर सुळे आधी पांढरे असतात, मग लालसर आणि शेवटी काळे होतात. काळे होईपर्यंत खायला देऊ नका.

म्हणूनच आम्ही कात टाकायला आलेला किंवा नुकतीच टाकलेला कोळी ग्राहकाच्या हाती देत नाही. पसंत केलेला कोळी दोन-तीन आठवडे थांबून न्या म्हटलं की काहींना ती टाळाटाळ वाटते. पण त्या अवस्थेत प्रवासाचे धक्के त्याला सोसत नाहीत. प्रत्येक कोळ्याने शेवटची कात कधी टाकली याची आम्ही नोंद ठेवतो. कोळी कुठूनही घ्या, ही तारीख विचाराच.

आता निवडीचं. फोटोतला रंग पाहून ठरवू नका. अमेरिका खंडातल्या बऱ्याच जातींच्या पोटावर खाजरे केस असतात, त्यांचं विष तुलनेने सौम्य असतं आणि त्यातल्या अनेक जाती संथ असतात. आशिया आणि आफ्रिकेतल्या जातींना ते केस नाहीत. त्या सहसा फार चपळ असतात, चटकन अंगावर येतात आणि त्यांचा दंश जास्त त्रासदायक असतो. पीसीलोथेरिया या आशियातल्या कोळ्यांच्या गटातला चावला तर स्नायूंमध्ये जबर पेटके येतात. निळाईने डोळे दिपवणारा गूटी सफायर याच गटातला. तो मागायला आलेल्या नवख्याला आम्ही आजवर नाहीच म्हटलं आहे आणि यापुढेही म्हणू.

पहिल्या कोळ्यासाठी आमची पसंती कर्ली हेअर या जातीला. रंग तपकिरी, पण काटक, शांत आणि भूक चांगली. चाको गोल्डन नी मोठा होतो आणि फारसा बिथरत नाही. मेक्सिकन रेड नी सगळ्यांना आवडतो, मात्र केस झाडायला तो मागेपुढे पाहत नाही. हे केस डोळ्यांत गेले तर दुखणं लांबतं, म्हणून साफसफाईनंतर हात धुतल्याशिवाय चेहऱ्याला लावू नका. रेड नीच्या ब्राकिपेल्मा गटाचा आंतरराष्ट्रीय व्यापार ‘साइटीस’ या वन्य प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या करारान्वये नियंत्रित आहे. जंगलातून पकडलेला नको, पैदाशीतलाच घ्या, आणि आपल्याकडच्या कायद्यात तो पाळता येतो का हे आधी बघा.

नखाएवढं पिल्लू स्वस्त पडतं, पण ते लवकर सुकतं आणि चूक झाली की सावरायला वेळ देत नाही. अर्धवट वाढलेला घ्या. मोठा कोळी नवलाच्या स्वस्तात मिळत असेल तर पुढच्या पायांवर हुकासारख्या आकड्या आणि मिशांसारख्या पुढच्या अवयवांच्या टोकाला फुगवटे आहेत का पाहा. असतील तर तो प्रौढ नर आहे आणि त्याचे बहुधा थोडे महिनेच उरलेत. याच जातींची मादी 15-20 वर्षंही सोबत करते. नर की मादी हे कातेच्या आतल्या बाजूवरून कळतं. टाकलेली कात न चुरगळता आणून द्या, आम्ही तपासून सांगतो.

जमिनीवर राहणाऱ्या या जातींना उंच काचपेटी देऊ नका. मातीपासून झाकणापर्यंतचं अंतर कोळ्याच्या पायांसकट लांबीच्या दीडपटीपेक्षा जास्त नको, कारण पडला तर पोट फुटतं. त्याच कारणाने त्याला हातावर घेऊ नका. खाली कोकोपीटचा जाड थर, लपायला आडोसा, उथळ भांड्यात पाणी, एवढं पुरतं. तापवणारा दिवा लागत नाही. एका डब्यात एकच कोळी. त्या खोलीत किडे मारायचा फवारा कधीही मारू नका.

डबा आम्ही तयार करूनही देतो. घरी करणार असाल तर कोळी न्यायच्या आठवडाभर आधी त्याचा फोटो आम्हाला पाठवा. माती कमी पडत असेल, झाकणाच्या जाळीत नख्या अडकणार असतील, तर ते तेव्हाच सांगता येईल.