विवेकनिष्ठ मानसोपचार

मनाच्या त्रासामागे दडलेले हट्टी समज शोधून, त्यांच्याशी वाद घालून ते बदलायला लावणारी ही उपचारपद्धती. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस (१९१३–२००७) यांनी ती १९५५ च्या सुमारास मांडली. 'रॅशनल इमोटिव्ह बिहेविअर थेरपी' या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांमुळे ती 'आरईबीटी' म्हणूनही ओळखली जाते. तिच्या मुळाशी असलेला विचार मात्र जवळपास दोन हजार वर्षे जुना आहे. गुलामगिरीत वाढलेला, मनावर ताबा ठेवायला शिकवणाऱ्या प्राचीन स्टोइक पंथाचा तत्त्वज्ञ एपिक्टेटस शिष्यांना सांगत असे की, माणसाला घटना अस्वस्थ करत नाहीत, घटनेबद्दलचे त्याचे मत अस्वस्थ करते. एलिस यांनी हे ऋण कधी लपवले नाही.

एलिस यांचा जन्म पिट्सबर्गचा, बालपण न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागातले. लहानपणी मूत्रपिंडाच्या विकाराने त्यांना वारंवार रुग्णालयात राहावे लागले. स्वभाव कमालीचा बुजरा, त्यातही मुलींशी बोलायचे म्हटले की पाचावर धारण. एकोणिसाव्या वर्षी त्यांनी स्वतःवरच एक प्रयोग केला. ब्रॉन्क्सच्या वनस्पती उद्यानात बाकावर एकटी बसलेली स्त्री दिसली की शेजारी जाऊन बसायचे आणि मिनिटभरात बोलायला सुरुवात करायची. त्यांनीच दिलेल्या हिशेबानुसार महिनाभरात १३० जणी झाल्या. त्यांतल्या ३० उठून गेल्या, १०० जणींशी बोलणे झाले, भेटायला यायचे एकीनेच कबूल केले आणि तीही आली नाही. एवढा सपशेल नकार पचवूनही आपले काही बिघडले नाही, हे मात्र त्यांच्या मनात पक्के बसले. पुढची सगळी पद्धत या बाकावर जन्मली असे म्हटले तर ती थोडीशीच अतिशयोक्ती ठरेल.

कोलंबिया विद्यापीठातून १९४७ मध्ये डॉक्टरेट मिळवून एलिस मनोविश्लेषणाकडे, म्हणजे बालपणात त्रासाची मुळे शोधणाऱ्या फ्रॉइड यांच्या पद्धतीकडे, वळले. तिथे त्यांची निराशा झाली. लोकांना आपल्या बालपणाचा उलगडा होई, पण घरी जाऊन ते पूर्वीसारखेच कुढत बसत. म्हणून त्यांनी रुग्णाला आडवे होऊन बोलायला लावणारा कोच बाजूला सारला आणि समोरासमोर बसून थेट प्रश्न विचारायला सुरुवात केली. पद्धतीच्या पहिल्या नावात फक्त विवेक होता. पुढे त्यात भावना आली आणि १९९३ मध्ये वर्तन. १९५९ मध्ये त्यांनी न्यूयॉर्कमध्ये संस्था स्थापन केली. तिथल्या शुक्रवारच्या संध्याकाळी गाजल्या. प्रेक्षकांतून कुणीतरी मंचावर येई, आपली अडचण सांगे आणि एलिस सगळ्यांदेखत तिची चिरफाड करत.

पद्धतीचा सांगाडा ए-बी-सी या तीन अक्षरांवर उभा आहे: घटना, तिच्याबद्दलचा समज आणि त्यातून होणारा भावनिक व वर्तनाचा परिणाम. आपण सहसा पहिल्यावरून थेट तिसऱ्यावर उडी मारतो: 'साहेब बोलले म्हणून मी खचलो.' उपचारक मधल्या पायरीवर बोट ठेवतो. तिथे बहुतेक वेळा एखादी इच्छा सक्ती होऊन बसलेली असते. एलिस यांनी या सक्तीचे तीन प्रकार सांगितले: मी उत्तम कामगिरी केलीच पाहिजे, लोकांनी माझ्याशी चांगलेच वागले पाहिजे आणि परिस्थिती माझ्या सोयीचीच असली पाहिजे. इंग्रजीत यासाठी त्यांना एक चावट शब्द घडवावा लागला. मराठीत 'च' हे एक अक्षर पुरते. 'मी पास व्हावे' ही इच्छा, 'मी पास झालोच पाहिजे' हा हट्ट. वाक्यातला 'च' काढून तेच वाक्य पुन्हा म्हणायला लावणे हा मराठीतून काम करणाऱ्याला आयता मिळालेला उपाय आहे, आणि मूळ इंग्रजीपेक्षा तो सुटसुटीत आहे.

प्रत्यक्ष बैठक कशी चालते, ते एका कल्पित उदाहरणावरून पाहू. पुण्यात अभ्यासिकेत बसून स्पर्धा परीक्षा देणारा एक मुलगा. तिसऱ्या खेपेलाही पूर्व परीक्षेचा कटऑफ थोडक्यात हुकला. दिवाळीला तो गावी गेला नाही.

'गावी का गेला नाहीस?'

'काय तोंड दाखवू सर? वडिलांनी म्हैस विकून पैसे पाठवले होते.'

'वडील काही बोलले?'

'नाही. पण मी नालायक आहे हे त्यांना कळलंच असेल.'

'तीनदा नापास झालास हे खरं. नालायक हे कुठून आणलंस?'

इथून खंडन सुरू होते. प्रश्न तीन दिशांनी येतात: याला पुरावा काय, एका गोष्टीवरून दुसरी निघते का, आणि असे मानून तुझा फायदा काय? 'थोडेच तर गुण होते, पुढच्या वेळी होशील' असा धीर उपचारक देत नाही. उलट, समजा चौथ्यांदाही नाही झालास तर, असे विचारतो. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला हे निर्दय वाटते. पण धीर देणारे मित्र त्याला भरपूर असतात, आणि त्या धीराने भीती पुढच्या निकालापर्यंत पुढे ढकलली जाते एवढेच. म्हशीचे काय, हा प्रश्नही झटकला जात नाही. वडिलांचे पैसे गेले याचे वाईट वाटणे रास्तच आहे. त्यापायी स्वतःला शिक्षा म्हणून दिवाळीला खोलीत कोंडून घेणे, तेवढे तपासायचे असते.

म्हणजे दुःखच होऊ नये असा या पद्धतीचा आग्रह नाही. नकारात्मक भावनांतही ती निरोगी आणि अपायकारक असा फरक करते. बोलीत आपण 'काळजी' आणि 'चिंता' सर्रास एकाच अर्थी वापरतो. इथे ते वेगळे धरले जातात. काळजी वाटली की माणूस पुस्तक उघडतो, चिंतेने ग्रासला की उघडे पुस्तकही दिसत नाही. तोच फरक खेद आणि खिन्नता, पश्चात्ताप आणि अपराधगंड यांत. शिवाय त्रासावरचा त्रास असतो: 'मला एवढी भीती वाटतेच कशी?' कित्येकदा आधी तो सोडवावा लागतो.

आत्मसन्मान वाढवण्यालाही एलिस यांचा विरोध होता. यशावर उभी केलेली स्वतःची किंमत अपयशाबरोबर कोसळणारच, म्हणून माणसाने स्वतःला गुणच देऊ नयेत, गुण कृतीला द्यावेत, असे ते म्हणत. याला विनाअट स्वस्वीकार म्हणतात. समजायला सोपे, वागायला फार अवघड.

म्हणूनच घरचा अभ्यास असतो. त्यातला सर्वांत प्रसिद्ध प्रकार लाज मोडण्याचा: केळ्याला दोरी बांधून ते रस्त्यावरून कुत्र्यासारखे फिरवायचे, किंवा भुयारी रेल्वेत पुढचे स्थानक मोठ्याने पुकारायचे. कुणाला इजा होऊ नये आणि आपली नोकरी जाऊ नये, एवढी पथ्ये. 'लोक काय म्हणतील' या धाकात वाढलेल्यांना याची गरज वेगळी पटवून द्यावी लागत नाही.

महाराष्ट्रात ही पद्धत रुजवण्यात मुंबईचे मानसशास्त्रज्ञ कि. मो. फडके यांचा वाटा मोठा आहे. एलिस यांच्याशी त्यांचा दीर्घकाळ पत्रव्यवहार होता. अंजली जोशी यांनी एलिस यांच्या जीवनावर मराठीत चरित्रात्मक कादंबरी लिहिली, आणि मानसशास्त्राशी संबंध नसलेल्या वाचकांपर्यंतही हे नाव पोचले.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञांच्या १९८२ च्या एका पाहणीत प्रभावी मानसोपचारकांमध्ये कार्ल रॉजर्स पहिले, एलिस दुसरे आणि फ्रॉइड तिसरे आले होते. रॉजर्स आणि एलिस ही दोन टोके. रॉजर्स शांतपणे ऐकून घेत आणि समोरच्याला त्याची वाट सापडू देत. एलिस मध्येच तोडत, शिव्याही देत. पण तो त्यांचा स्वभाव होता, पद्धतीची अट नव्हे. आज बरेच उपचारक तीच प्रश्नावली मऊ आवाजात वापरतात. १९६० च्या दशकात अमेरिकी मनोविकारतज्ज्ञ ॲरन बेक यांनी विकसित केलेली बोधात्मक उपचारपद्धती (कॉग्निटिव्ह थेरपी) हिची भावंडच, आणि संशोधनाचा पाया बेक यांच्या पद्धतीचा अधिक भक्कम आहे.

टीकाकारांचा मुख्य आक्षेप घटनेकडे दुर्लक्ष होते हा. नवरा मारतो म्हणून सांगत आलेल्या बाईला 'तुमचा समज तपासा' म्हणणे हा अडाणीपणाच नव्हे, अन्यायही आहे. तिथे आधी तिची सुरक्षितता, कायद्याची मदत, राहायला जागा. स्किझोफ्रेनियासारख्या आजारात किंवा तीव्र नैराश्यात मनोविकारतज्ज्ञाच्या औषधांना फाटा देऊन निव्वळ वादावादीवर विसंबणेही धोक्याचे. आणि कालच ज्याच्या घरातले माणूस गेले, त्याच्या वाक्यातले 'च' मोजायचे नसतात.